चाळीस हजारांत घाट

‘चाळीस हजारांची सायकल? अरे, एवढ्यात सेकंडहँड ॲक्टिव्हा येते!’ पुण्यात पहिली रोड बाईक घ्यायला निघालेल्या माणसाला हे वाक्य चुकत नाही. वडील म्हणतात, सासरे म्हणतात, शेजारचे काका गॅलरीतून ओरडून म्हणतात. तोच माणूस सायकलच्या दुकानात शिरला की काउंटरमागचा मुलगा त्याला वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, ‘चाळीसच का? बरं, एंट्री लेव्हलचं काहीतरी दाखवतो.’ घरी उधळ्या ठरलेला माणूस दुकानात कफल्लक ठरतो. मग तो यूट्यूबवर जातो, तिथे कार्बन, वॅट आणि एअरोडायनॅमिक्स ऐकून त्याचं डोकं भणाणतं, आणि शेवटी ऑफिसातल्या कुणीतरी घेतली म्हणून तीच सायकल तो घेऊन येतो. रंगसुद्धा तोच.

या दिवाळीला अशी खरेदी करायच्या बेतात असलेल्यांसाठी पुण्यातली दुकानं, तीन-चार मेकॅनिक आणि रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याला पोह्यांच्या गाडीवर जमणारी मंडळी यांच्याशी बोलत फिरलो. कुठली कंपनी चांगली, या प्रश्नावर दहा जणांची अकरा मतं निघाली. पण ज्यांनी सायकल दोन-तीन वर्षं खरोखर दामटली आहे, त्यांना ‘आता परत घ्यायची झाली तर काय बघाल’ असं विचारलं की कंपनीचं नाव फारसं येत नव्हतं. येत होतं ते माप, घाटातला शेवटचा गिअर आणि टायरची जाडी. या गोष्टी शोरूममध्ये सायकल उभी असताना दिसत नाहीत. तिथे दिसतो तो रंग, आणि बोटाने उचलून बघितलेलं वजन.

आधी घाटाचं बोलू. पुण्यातून बाहेर पडणाऱ्याला तो टळत नाही. साताऱ्याकडे निघालात तर कात्रज, सासवडकडे दिवेघाट, आणि मुंबईहून परतताना बोरघाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात, आणि शर्यत कुणी जिंकली हे विसरलेल्या जुन्या पुणेकरांनाही त्या वर्षीचा घाटांचा राजा आठवतो. सिंहगडाचा रस्ता तर सायकलवाल्यांची परीक्षाच. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटर, आणि वळणांवर चढ असा अंगावर येतो की पुढचं चाक उचलतंय की काय असं वाटावं.

इथे कामाला येतात ते दात. पायडलपाशी दोन चक्रं असतात. हल्लीच्या बहुतेक स्वस्त रोड बाईकवर मोठ्याला ५० आणि लहानाला ३४ दात. मागे सात-आठ चक्रांची चळत. त्यातल्या सर्वांत मोठ्या चक्राला किती दात आहेत, हे मोजा. मोजायला लाजू नका. काही सायकलींवर ते २८ असतात, काहींवर ३२ किंवा ३४.

फरक केवढा? पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक साधारण १.२ वेळा फिरतं. चाकाचा घेर धरा २.१ मीटर. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलं, आणि त्याखाली गेलं की सगळा भार गुडघ्यावर येतो, तर वेग होतो ताशी नऊ किलोमीटर. मागे ३४ दात असतील तर तीच लय सांभाळून ताशी साडेसात. दीड किलोमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण ७० किलोचा माणूस आणि ११ किलोची सायकल आठ टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटरमागे आठ मीटर वर, ताशी नऊच्या वेगाने न्यायची तर नुसत्या चढासाठी १६० वॅट लागतात. साडेसातला १३३. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या बऱ्याच जणांना १३० वॅट दात-ओठ खाऊन निभावता येतात. १६०ला ते दुसऱ्या वळणावर उतरून सायकल ढकलायला लागतात आणि वरून येणारी कॉलेजची पोरं ‘काका, पंक्चर का?’ विचारतात.

दुकानदाराला ‘मागे ३२ किंवा ३४ची कॅसेट टाकून द्याल का’ विचारावं; मागच्या चक्रांच्या चळतीला कॅसेट म्हणतात. कधी चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डिरेलर तेवढं मोठं चक्र झेपवत नाही, तो बदलावा लागतो. कधी नुसती कॅसेट आणि लांब चेन पुरते. नव्या सायकलवर हा बदल दुकानातच, बिल फाडायच्या आधी करून घेणं स्वस्तात पडतं.

आता वजन. त्यावर लोकांचा भारी जीव. दहा किलोची सायकल अकरा किलोच्या सायकलपेक्षा चांगली, असं गृहीतच धरलेलं असतं. हिशोब साधा आहे. चढावर ओढायचं असतं ते माणूस आणि सायकल मिळून ८१ किलो. त्यातले दोन किलो सायकलवरून कमी केले, आणि त्यासाठी तीस-चाळीस हजार जादा मोजले, तर एकूण वजन अडीच टक्क्यांनी घटतं. तासाभराच्या चढाला दीड मिनिट वाचतं. शर्यतीत दीड मिनिट म्हणजे जन्म-मरणाचा प्रश्न. रविवारी झुणका-भाकरी खायला गडावर जाणाऱ्याला ते दीड मिनिट ताकाच्या रांगेत उभं राहण्यात जातं.

बाजारात नक्की काय आहे, हे थोडक्यात बघू. देशातला सायकलींचा मोठा कारखानदार म्हणजे लुधियानाची हिरो, १९५६ सालची. २०१५मध्ये तिने फायरफॉक्स विकत घेतली आणि गिअरच्या महागड्या सायकलींतही उतरली. चेन्नईच्या टीआय सायकल्सकडे बीएसए, हर्क्युलिस ही आपल्या बालपणीची नावं. ॲटलस मात्र गेली. तिचा साहिबाबादचा कारखाना २०२०मध्ये बंद झाला तो नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. पण वाकड्या हँडलची खरीखुरी रोड बाईक स्वस्तात हवी असेल तर पुण्या-मुंबईतले बहुतेक जण आधी डेकॅथलॉनमध्ये डोकावतात, कारण तिथे पंचवीस-तीस हजारांच्या आसपास सुरुवात होते आणि आतल्या मोकळ्या जागेत चक्कर मारू देतात. चाळीस-पन्नासच्या पट्ट्यात इतर कंपन्याही येतात.

गेल्या वर्षापासून एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या बाजूने झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५वर आला. पूर्वी करासकट ४० हजारांना पडणारी सायकल, मूळ किंमत तीच राहिली तर, ३७ हजार ५००ला पडायला हवी. अडीच हजार वाचले; त्यात बऱ्यापैकी हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा येतो. मूळ किंमत तीच राहिली आहे का, हे अर्थात जुनी किंमत माहीत असेल तरच कळणार.

किंमत मुख्यतः ठरते ती गिअरच्या संचावर. जपानच्या साकाई शहरात १९२१ साली सुरू झालेल्या शिमानोची इथे जवळपास सद्दी आहे. खालून वर तिची उतरंड अशी: टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, आणि त्यापुढचं आपल्या कामाचं नाही. टूर्नीला मागे सात गिअर, क्लॅरिसला आठ, सोराला नऊ. सेल्समन हे आकडे असे सांगतो, जणू एकेका गिअरने आयुष्य बदलणार आहे. माझं मत विचाराल तर आठ-नऊमधल्या फरकासाठी या बजेटमध्ये पैसे घालू नयेत. सात आणि आठमधला फरक मात्र निराळा आहे, आणि तो गिअरच्या संख्येचा नाही.

नारायण पेठेत चाळीस वर्षं सायकली खोलत असलेल्या एका मेकॅनिकने मला तो हातात दोन हब देऊन दाखवला. सात गिअरच्या स्वस्त सायकलींवर बहुधा फ्रीव्हील असतं. ते हबवर पेचाने बसतं. त्यामुळे उजवीकडचे छर्रे आतल्या बाजूला राहतात आणि ॲक्सलचा लांब तुकडा आधाराविना बाहेर येतो. ‘वजनदार माणूस, खड्डा, आणि हा तुकडा,’ ते म्हणाले आणि खोक्यातून एक वाकलेला ॲक्सल काढून काचेवर घरंगळवला. तो लंगडत गेला. आठ गिअरपासून वर सहसा फ्रीहब आणि कॅसेट येते, तिथे छर्रे टोकाला बसतात आणि ॲक्सल टिकतो. पुढे कधी मोठ्या दातांची कॅसेट टाकायची झाली तरी कॅसेटमध्ये निवड जास्त. तुमचं वजन ऐंशीच्या पुढे असेल आणि रस्ते आपले असतील, तर टूर्नी आणि क्लॅरिसमधले सात-आठ हजार इथे सार्थकी लागतात.

मापाच्या बाबतीत मात्र एक पैसाही जास्त लागत नाही. लागतो तो आग्रह. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एखादं जाड पुस्तक (हाच अंक चालेल) दोन्ही पायांमध्ये घट्ट वर ओढायचं आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं. आलेल्या आकड्याला ०.८८३ने गुणलं की पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण मिळते. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. ८० सेंटिमीटर आले तर सीट ७०.६वर. सुरुवातीला हे जरा उंचच वाटतं, कारण लहानपणापासून आपण सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवत आलो आहोत.

सीट वर-खाली करता येते. सायकलची लांबी कमी-जास्त करता येत नाही, आणि बहुतेक दुकानं गिऱ्हाइकाला गुंडाळतात ती इथेच. कोथरूडच्या एक शिक्षिका, उंची पाच फूट एक इंच, चार दुकानं फिरल्या. सगळीकडे एकच उत्तर: ‘मॅडम, एम साइज आहे. सीट खाली करून देतो ना!’ सीट खाली केल्याने पाय पोचले. हात ताणलेलेच राहिले. ब्रेकच्या लिव्हरवर बोटं पुरेनात. त्यांनी पाचव्या दुकानात लहान माप मागवायला सांगितलं, त्यासाठी दीड महिना थांबल्या, शिवाय ३८ सेंटिमीटर रुंदीचं हँडल बसवून घेतलं आणि लिव्हर स्क्रूने आत ओढून घेतली. ‘साडी घ्यायची तर आपण तीस काढायला लावतो,’ त्या म्हणाल्या, ‘आणि सायकलवाल्याने पहिली दाखवली की मान डोलवायची?’

कमी उंचीच्या पुरुषांचीही हीच गत होते, फक्त ते बोलत नाहीत. चाचणीची चक्कर निदान पंधरा मिनिटांची मारा, हात ब्रेकच्या टोप्यांवर ठेवून. कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. हात ताठ झाले, खांदे कानांशी आले, तर ती सायकल मोठी आहे. हँडल पकडणारा आडवा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो १००ऐवजी ८० मिलिमीटरचा टाकून दोन सेंटिमीटर कमी करता येतात. त्याहून जास्त लागत असतील तर सायकल बदला. दुकानदार चक्कर मारू देत नसेल तर दुकान बदला.

टायरचं त्या मानाने सोपं आहे. जुन्या शिकवणीत टायर जितका बारीक तितका वेगवान असं होतं, आणि अजूनही स्वस्त रोड बाईक २५ मिलिमीटरच्या टायरवर येतात. त्यात ७० किलोच्या माणसाला नव्वदच्या आसपास पीएसआय हवा लागते. थोडी कमी राहिली आणि चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं, की रिमच्या दोन कडांत चिमटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. २८चा टायर पंच्याहत्तरच्या आसपास हवेवर चालतो आणि सिमेंटच्या रस्त्यांचे सांधे, पेव्हर ब्लॉक, टोलनाक्याआधीचे रम्बलर हे सगळं कमरेपर्यंत पोचू देत नाही. ३२ बसत असेल तर आणखी बरं. म्हणून दुकानात वाकून टायर आणि चिमट्याच्या मधली फट बघा. काडेपेटीतली काडी जेमतेम जात असेल, तर जाड टायर कधीच बसणार नाही.

याला जोडून व्हॉल्व्हचं झेंगट. रोड बाईकच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. शिरवळच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याने तो बघून ‘हे काय, पेनाची रिफील?’ असं विचारलं होतं. पितळेची एक टोपी मिळते, प्रेस्टावर फिरवली की मोटारसायकलच्या पंपाने हवा भरता येते. पन्नास-शंभर रुपयांची ही टोपी खिशात नसेल तर हायवेवर कंप्रेसर समोर घरघरत असतो आणि सायकल सपाट टायरवर उभी असते.

ब्रेकवर मी फार वेळ घालवणार नाही. पुण्या-नाशिकच्या कोरड्या दिवसांत चांगले रिम ब्रेक पुरतात, सांभाळायला सोपे, गल्लीतल्या मेकॅनिकला येतात. पावसाळ्यात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायची हौस असेल, किंवा मुळात कोकणातच राहत असाल, तर डिस्क घ्या. तिथे रिमवर चिखल बसतो आणि लिव्हर ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही.

सेकंडहँडचा विचार मात्र मनापासून करा. २०२०च्या टाळेबंदीनंतर सगळ्या जगाला सायकलचं वेड लागलं होतं, दुकानांत नंबर लावावे लागत होते. त्यातल्या कितीतरी सायकली नंतर बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामाला आल्या आणि अजूनही अधूनमधून विकायला निघतात. चाळीस हजारांत सोरा किंवा टियाग्राची सायकल मिळते ती अशीच.

बघायला जाताना पोराच्या कंपासमधली इंचाची फूटपट्टी न्या. चेन ताणून धरायची, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवायचं. नव्या चेनमध्ये बारा इंचांच्या खुणेवर बरोबर एका पिनचा मध्य येतो, कारण पिना अर्ध्या-अर्ध्या इंचावर असतात. तो खुणेच्या पुढे एक सोळांश इंच गेला असेल तर चेन बदलायला आली. एक अष्टमांश गेला असेल तर चेनने कॅसेटचे दातही खाल्ले आहेत. तो खर्च किमतीतून वजा करून मागा. मग फ्रेम. पुढच्या चिमट्याच्या जरा मागे, खालच्या नळीच्या पोटाकडून बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून कशाला तरी धडकलेली आहे. मालक काहीही सांगो, नमस्कार करून निघा. चाक उचलून फिरवा, ब्रेकच्या रबरापाशी डोळा ठेवा. थोडा आउट असेल तर तो काढून मिळतो. रिमलाच खड्डा असेल तर नाही. सीटची दांडी सैल करून वर-खाली होते का बघा, कारण वर्षानुवर्षं न हललेली दांडी आत धरून बसते. पायडलच्या खाली, नळ्या जिथे मिळतात तिथे फ्रेमचा नंबर कोरलेला असतो. तो बिलावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. बिल नसेल तर चोरीचा माल घरात येण्याची शक्यता धरूनच चाला. आणि वापरलेला कार्बन पहिल्या सायकलसाठी नकोच. त्यातली चीर तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसत नाही.

चाळीस हजारांतले सगळे सायकलवर उडवू नयेत, हे ज्याला त्याला नंतर कळतं. हेल्मेट, मागचा लाल दिवा, पुढचा दिवा, दोन ट्यूब, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप, कुलूप, बाटली आणि गादीची चड्डी, यात सहा-सात हजार सहज जातात. गादीच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. हे कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. पायडलला बूट अडकवायची हौस पहिल्या वर्षी तरी आवरा.

एवढ्या साध्या सायकलवर होतं तरी काय, असं विचारणाऱ्यांना बीआरएम या लांब पल्ल्याच्या, वेळेच्या मर्यादेतल्या राइडचा हिशोब सांगावा. दोनशे किलोमीटरची असेल तर ती साडेतेरा तासांत पुरी करायची असते. चहा, पंक्चर, झाडाखालची डुलकी सगळं धरून सरासरी ताशी पंधराच्या आतच येते. तीनशेला वीस तास, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. २०१५मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रॅम’ शर्यत दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हापासून राज्यात गावोगाव असल्या राइडची हवा आहे. बीआरएमच्या सकाळी सुरुवातीच्या रेषेवर लाखा-दीड लाखाच्या सायकली असतात, आणि शेजारी क्लॅरिसवाल्या, हायब्रिडवाल्याही असतात. साडेतेरा तासांनी गर्दी पाहिली तर कुठली सायकल मागे राहिली, याचा किमतीवरून अंदाज बांधता येत नाही.

पण रोज आठ किलोमीटरवर ऑफिस, पाठीला लॅपटॉप, येताना भाजी, असा मामला असेल तर रोड बाईक घेऊच नका. मडगार्ड आणि कॅरियर लावता येणारी साधी हायब्रिड घ्या, पंधरा-वीस हजारांत भागेल. रोड बाईक तिच्यासाठी आहे जिला रविवारी पहाटे चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊन यावंसं वाटतं, त्याच्यासाठी आहे ज्याला गेल्या पावसाळ्यात कात्रजच्या जुन्या बोगद्याशी उभं राहून सायकलवाल्यांचा हेवा वाटला.

घेतल्यावर पहिले दीड-दोनशे किलोमीटर गिअरच्या आणि ब्रेकच्या तारा ताणल्या जातात, आरे जागेवर बसतात. तेव्हा गिअर खडखडायला लागला, चाक किंचित डुलायला लागलं, तर सायकल वाईट निघाली असं समजून हळहळू नका. पहिली सर्व्हिस बहुतेक दुकानांत फुकट असते. शनिवारी संध्याकाळी नेलीत तर रविवारची राइड बुडते. मंगळवारी-बुधवारी दुपारी न्या, तेव्हा मेकॅनिकला बोलायलाही वेळ असतो. बिल बरोबर ठेवा.